ग्रेट सर्कल मॅपर: अंतर चोख, वेळेचा हिशेब मात्र आपण करायचा

मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती किलोमीटर आणि किती तास, असं शोधलं की जी संकेतस्थळं वर येतात, त्यांतली बरीचशी एकच युक्ती वापरतात. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर घ्यायचं, ताशी ८०० किलोमीटरने भागायचं आणि वर अर्धा तास टाकायचा. उत्तर येतं सोळा तास दहा मिनिटं. जातानाही तेवढंच आणि येतानाही तेवढंच. प्रत्यक्षात या मार्गावर जाण्यात आणि येण्यात दीड तासाच्या आसपास फरक पडतो. मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांची औषधं, व्हीलचेअर, पुढचं विमान किंवा न्यायला येणाऱ्याची गाडी ठरवताना हा दीड तास महत्त्वाचा असतो.

म्हणूनच अंतर बघायचं तर ग्रेट सर्कल मॅपर वापरावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पत्ता जीसीमॅप डॉट कॉम. कार्ल स्वार्त्झ यांनी उभं केलेलं हे संकेतस्थळ फुकट आहे आणि नोंदणीही मागत नाही. दिसायला जुन्या वळणाचं आहे, पण पान पटकन उघडतं. त्याची खरी किंमत अशी, की ते जे सांगतं ते अचूक सांगतं आणि वेळेबद्दल खोटी खात्री देत नाही. वेळ हवी असेल तर वेग तुम्ही द्यायचा, भागाकार ते करून देतं.

वापरायची पद्धत सोपी आहे. वरच्या चौकटीत दोन विमानतळांचे तीन अक्षरी कोड रोमन लिपीत टाइप करायचे, मध्ये आडवी रेघ द्यायची. मुंबईचा बीओएम, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा जेएफके. खाली नकाशावर रेषा उमटते आणि तक्त्यात अंतर व सुरुवातीची दिशा येते. या जोडीला साधारण १२,५५० किलोमीटर आणि सुरुवातीची दिशा ३३३ अंश, म्हणजे वायव्येपेक्षा उत्तरेला जास्त कललेली. पृथ्वी पूर्ण गोल धरली तर हेच अंतर थोडं कमी भरतं. मॅपर ध्रुवांपाशी चपटी असलेली पृथ्वी धरून गणित करतं. गोल पृथ्वीच्या गणितात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते, म्हणून दोन संकेतस्थळांचे आकडे वीस-पंचवीस किलोमीटरने वेगळे दिसले तर गोंधळून जायचं कारण नाही.

पहिली ठेच इथे एककात लागते. अंतर आपोआप मैलांत येतं. ७,८०० हा आकडा किलोमीटर समजून पुढचा हिशेब केला की सगळंच फसतं. एकक बदलायची सोय पानावरच आहे, ती आधी वापरावी. विमानांचा पल्ला मात्र सागरी मैलांत छापलेला असतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, साधा मैल १.६०९. तिन्ही एककं एकाच कागदावर आली की चुका होतातच, तेव्हा सगळं आधी किलोमीटरमध्ये आणून मगच तुलना करावी.

दुसरी ठेच कोडची. नागपूर एनएजी आहे, पण एनजीओ लिहिलं तर जपानमधलं नागोया येतं. गोव्याला आता दोन विमानतळ आहेत: दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. नवी मुंबईचा कोड एनएमआय. कॅलिफोर्नियातलं सॅन होजे एसजेसी, तर कोस्टारिकाचं एसजेओ. ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न एमईएल, फ्लोरिडातलं एमएलबी. नकाशा उमटल्यावर रेषेचं दुसरं टोक योग्य खंडात आहे ना, एवढं पाहिलं तरी या चुका सापडतात.

आता ती रेषा जवळून बघू, कारण मॅपरचा खरा उपयोग तिथे आहे. सपाट नकाशावर ती उत्तरेकडे भलतीच वाकलेली दिसते आणि नवख्या माणसाला वाटतं विमान वळसा घेतंय. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर तो याच वाटेने जातो, सर्वांत जवळची वाट हीच. हिलाच ग्रेट सर्कल म्हणतात. मुंबई-न्यूयॉर्कची ही रेषा बलुचिस्तानवरून अफगाणिस्तानात शिरते, तुर्कमेनिस्तान आणि पश्चिम कझाकस्तान ओलांडून मॉस्कोच्या जवळून जाते, मग फिनलंड, नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमचा परिसर, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि कॅनडातून खाली उतरते. सर्वांत उत्तरेला ती साधारण ६५ अंशांवर पोहोचते.

ही नावं वाचतानाच लक्षात येईल की आज या रेषेवरून जसंच्या तसं उडणं शक्य नाही. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि मग ती मुदत महिन्यामहिन्याने वाढवत नेली. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झालं, भारतीय कंपन्यांना नाही. मॅपरला यातलं काहीच ठाऊक नसतं. ते भूमिती सांगतं. राजकारणाचा हिशेब आपल्यालाच जोडावा लागतो.

तो जोडायची सोय मात्र त्यात आहे आणि ती आम्हाला सर्वांत आवडते. मधले थांबे आडव्या रेघांनी जोडून लिहिता येतात. विमान तिथे उतरत नसलं तरी चालतं, वाट त्या बाजूने वळवायला ते ठिकाण खुंटीसारखं वापरायचं. मुंबई-मस्कत-व्हिएन्ना-न्यूयॉर्क अशी साखळी टाकून पाहा. एकूण सुमारे १३,००० किलोमीटर होतात, सरळ रेषेपेक्षा सव्वाचारशे-साडेचारशेने जास्त. म्हणजे फक्त साडेतीन टक्के, उड्डाणात अर्धा तास. आता दिल्लीसाठी तेच करा. दिल्ली-न्यूयॉर्क सरळ ११,७८० किलोमीटर, मस्कत-व्हिएन्नाकडून १३,३०० च्या वर. दीड हजार किलोमीटरची भर, तेरा टक्के, पावणेदोन तास. एरवी दिल्ली न्यूयॉर्कला मुंबईपेक्षा पावणेआठशे किलोमीटर जवळ आहे, पण पाकिस्तान टाळायचं म्हटलं की दिल्लीचं विमान आधी खाली दक्षिणेला येतं आणि मग पश्चिमेला वळतं. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही उड्डाणांना २०२५ मध्ये व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं, ते यामुळेच. दिल्ली-वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवताना कंपनीने विमानांच्या नूतनीकरणाबरोबर हेही कारण दिलं होतं. खरी विमानं रोज नेमकी मस्कत-व्हिएन्नाच गाठतात असं नाही, पण अंदाजाला ही साखळी पुरेशी आहे. महाराष्ट्रातल्या प्रवाशाने यातून घ्यायचं ते एवढंच: पाकिस्तानचं आकाश बंद असताना दिल्लीमार्गे जाण्यात अंतराचा फायदा उरत नाही.

हीच सोय कनेक्टिंग तिकीट निवडताना वापरावी. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे न्यूयॉर्क सरळ रेषेपेक्षा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर लांब पडतं. दुबईमार्गे चारशेच्या आसपास. दोन्ही ठिकाणं वाटेतच आहेत, तेव्हा तिथे जाणारा जादा वेळ जवळजवळ सगळा जमिनीवरचा असतो: उतरणं, सुरक्षा तपासणी, पुढच्या विमानाची वाट. हाँगकाँगमार्गे गेलात तर सव्वासतरा हजार किलोमीटर होतात. तिकीट दहा-पंधरा हजारांनी स्वस्त दिसलं तरी हवेतले पाच-सहा तास वाढताहेत, हे मॅपर अर्ध्या मिनिटात दाखवतं.

आता वेळेचा हिशेब. इथे घाईने भागाकार करू नये, म्हणून सावकाश सांगतो.

सरळ अंतर घेतल्यावर प्रत्यक्ष वाटेसाठी त्यात भर घालावी लागते. लांबच्या मार्गावर चार ते सहा टक्के धरावेत. हवाई मार्ग, वादळं, लष्करी क्षेत्रं, उतरताना घ्यावं लागणारं वळण, सगळं त्यात येतं. मुंबई-न्यूयॉर्कचे १२,५५० अधिक पाच टक्के, म्हणजे साधारण १३,१८० किलोमीटर.

मग वेग. बोइंग ७७७ ध्वनीच्या ०.८४ पट वेगाने उडतं, ७८७ आणि एअरबस ए३५० साधारण ०.८५ पट. पस्तीस ते एकोणचाळीस हजार फुटांवर याचा अर्थ हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटर. जमिनीच्या तुलनेत वेग किती, हे वारा ठरवतो. उत्तर गोलार्धात मध्य अक्षांशांवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम हा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीमागून. संपूर्ण मार्गाची सरासरी धरली तर जाताना ८६० आणि येताना ९४० धरणं व्यवहाराला ठीक असतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत दोन्ही आकडे आणखी लांब सरकतात: जाताना ८३०, येताना ९७० धरा.

शेवटी टॅक्सी (म्हणजे विमानाची जमिनीवर गेट आणि धावपट्टी यांमधली चाल), चढण आणि उतरण यांसाठी ४० मिनिटं. केनेडीवर संध्याकाळच्या गर्दीत नुसत्या धावपट्टीपर्यंत पोहोचायलाच अर्धा तास जाऊ शकतो, तिथून निघताना ही ४० मिनिटं कमी पडतील.

मुंबईहून जाताना १३,१८० भागिले ८६०, म्हणजे सव्वापंधरा तासांहून थोडं जास्त. त्यात ४० मिनिटं, एकूण सोळा तास. परतताना १३,१८० भागिले ९४०, चौदा तास. त्यात ४० मिनिटं, एकूण चौदा तास चाळीस मिनिटं. मॅपरच्या वेगाच्या चौकटीत हे दोन वेग वेगवेगळे टाकून दोनदा नकाशा काढायचा. मॅपर सरळ अंतरच भागतं, म्हणून आलेल्या वेळेत वाटेचे पाच टक्के आणि वर ४० मिनिटं मिळवली की काम झालं.

वाऱ्याचा जोर किती असू शकतो, याचं ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर. ८०० च्या सूत्राने ते साडेसात तास येतं. आपल्याकडचं उदाहरण ऑक्टोबर २०१६ चं. एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. सरळ अंतर १२,४०० किलोमीटर, नवी वाट १५,३०० च्या आसपास, तरी वेळ साडेचौदा तास, जुन्या वाटेपेक्षा कमी, कारण वारा सगळी वाट पाठीशी होता. लांब मार्गावर अंतर आणि वेळ यांचं नातं इतकं सैल असतं. सिंगापूर-न्यूयॉर्कसारख्या सुमारे १५,३५० किलोमीटरच्या मार्गावर, जिथे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत, विमान अटलांटिकच्या बाजूने न्यायचं की पॅसिफिकच्या, हे त्या दिवशीचा वारा बघून ठरतं.

छोट्या मार्गांवर सूत्र उलट्या बाजूने चुकतं. मुंबई-दिल्ली १,१४० किलोमीटर, सूत्र सांगतं एक तास पंचावन्न मिनिटं. वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या जवळपास असतं, कारण दोन्ही विमानतळ गजबजलेले आहेत आणि कंपन्या थोडी उसंत धरून वेळ छापतात. मुंबई-नागपूरला मात्र ६८० किलोमीटरसाठी सूत्राचा एक तास वीस मिनिटांचा आकडा बऱ्यापैकी जुळतो.

विमान एका दमात पोहोचेल का, याचा अंदाजही मॅपरवर घेता येतो. पल्ल्याच्या चौकटीत सागरी मैल आणि विमानतळाचा कोड दिला की त्या त्रिज्येचं वर्तुळ उमटतं. बोइंग ७७७-३०० ईआरचा छापील पल्ला ७,३७० सागरी मैल, म्हणजे साधारण १३,६५० किलोमीटर. मुंबईभोवती हे वर्तुळ काढलं तर न्यूयॉर्क सुखाने आत येतं, सॅन फ्रान्सिस्को मात्र कडेला चिकटतं, कारण ते १३,५०० किलोमीटरवर आहे. छापील पल्ला ठरावीक वजनाला आणि वारा नसताना लागू असतो. समोरचा वारा आणि वळसा धरले की तो शे-दोनशे किलोमीटरचा फरक पुसला जातो. म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये एअर इंडियाने मुंबई-सॅन फ्रान्सिस्को सुरू केली तेव्हा जास्त पल्ल्याचं ७७७-२०० एलआर लावलं, ज्याचा पल्ला ८,५५५ सागरी मैल आहे. वर्तुळाच्या कडेपासून आत हजारभर किलोमीटर मोकळे नसतील, तर हिवाळ्यात माल उतरवणं, काही जागा रिकाम्या ठेवणं किंवा इंधनासाठी थांबणं यांतलं काही ना काही होणार, असं समजून पुढचं कनेक्शन ठेवावं.

मुंबई-सॅन फ्रान्सिस्कोची सरळ रेषा पाहिली तर आणखी एक अडचण दिसते. ती लडाखच्या बाजूने काराकोरम ओलांडून चीनच्या शिनजियांगमध्ये जाते. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण बारा ते पंधरा मिनिटं पुरतो आणि तिथले डोंगर वीस हजार फुटांच्या वर आहेत. म्हणून विमानं हा पट्टा शक्यतो टाळतात. नकाशावर रेषा निघाली म्हणजे वाट आहेच, असं नसतं.

मॅपरच्या उणिवा सांगायलाच हव्यात. फोनवर नकाशा फार बारीक दिसतो, संगणकावर बघणं बरं. वेग एकच देता येतो, म्हणजे अर्ध्या वाटेवर वारा बदलला तर हिशेब तुम्ही तुकड्यांत करायचा. पोहोचण्याची स्थानिक वेळ ते सांगत नाही, आणि प्रवाशांची सर्वांत मोठी चूक तिथेच होते. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असतात. समजा मुंबईहून पहाटे २ ला निघून त्याच दिवशी सकाळी ८ ला न्यूयॉर्कला पोहोचायचं आहे. हिवाळ्यात भारत साडेदहा तास पुढे असतो, म्हणजे प्रवास साडेसोळा तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे असतात, फरक साडेनऊ तासांचा होतो, आणि त्याच छापील वेळा साडेपंधरा तासांचा प्रवास दाखवतात. जाताना फरक मिळवायचा, परतताना वजा करायचा. गोळ्या ठरावीक तासांनी घेणाऱ्यांनी स्थानिक घड्याळ बाजूला ठेवून हे एकूण तास कागदावर लिहून न्यावेत.

खऱ्या उड्डाणांचा पडताळा हवा असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर त्या उड्डाणाचा क्रमांक टाकून गेल्या काही दिवसांच्या वेळा बघाव्यात. तिथे हवेतला वेळ आणि वेळापत्रकातला वेळ वेगळे असतात हे ध्यानात ठेवावं. वेळापत्रकातला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. एकाच दिवसाची नोंद पाहून निष्कर्ष काढू नये, निदान आठवड्याच्या नोंदी पाहाव्यात.

आणि एका बाबतीत मॅपरचा आकडा थेट पैशाचा ठरतो. विमान रद्द झालं किंवा फार उशिरा पोहोचलं तर युरोपियन युनियनच्या २६१/२००४ या नियमाखाली मिळणारी नुकसानभरपाई अंतरावर ठरते: १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, त्यापुढे ३,५०० पर्यंत साधारणपणे ४००, आणि युनियनबाहेरच्या त्याहून लांब प्रवासाला ६००. हे अंतर सरळ रेषेनेच, म्हणजे ग्रेट सर्कलनेच मोजायचं, असं नियमात लिहिलं आहे. विमान बदलून प्रवास असेल तर पहिल्या विमानतळापासून शेवटच्या विमानतळापर्यंतचं थेट अंतर धरायचं, मधले तुकडे जोडायचे नाहीत, असा युरोपीय न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. म्हणून दावा करताना साखळी न टाकता फक्त दोन टोकांचे कोड टाकून काढलेला नकाशा अर्जाला जोडावा. युनियनमधल्या विमानतळावरून निघणाऱ्या भारतीय कंपनीच्या विमानालाही हा नियम लागू होतो, पण भारतातून तिकडे जाताना तो फक्त युनियनमधल्या कंपन्यांना बांधतो. भारतातल्या डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमात मात्र किलोमीटर चालत नाहीत. तिथे ऐनवेळी रद्द झालेल्या उड्डाणाची भरपाई ब्लॉक टाइमवर ठरते: एक तासापर्यंत ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते. तेव्हा भारतातल्या दाव्याला वेळापत्रकातल्या वेळेचा स्क्रीनशॉट ठेवावा आणि युरोपातल्या दाव्याला मॅपरचा नकाशा.